सारा तेव्हा कुठे होती?

रविवार, संध्याकाळ

आजच्या एका अध्यायाची किंमत: दोन कप गार झालेला चहा आणि हिचं रडणं.

ही संडेस्कूलच्या मुलांना शिकवते तेच मलाही. बायबलची गोष्ट नुसती वाचायची नाही, डोळे मिटून तिच्यात उभं राहायचं. आज अब्राहाम पहाटे उठून आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला नेतो ते वाचलं. मी ऐटीत म्हणालो, "गाढवावर खोगीर चढल्याचंसुद्धा ऐकलं मी. गॅरेजवाल्याचे कान आहेत!"

"अहो, मग सारा कुठे होती? आईला जाग नसेल आली?"

इसहाक तरी परत आला, असं म्हणणार होतो. म्हणायला हवं होतं का? साराला जाग आली असेल?

आमचा योहान वारला तो शेजारच्याच खोलीत. मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. मी जागाच होतो. मला काहीही ऐकू आलं नाही.