दुसऱ्या पसंतीचा रकाना

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

ओलिंकामावशी ऐकेल तर शपथ! आज वाफेच्या न्हाणीत तिला चौथ्यांदा समजावलं — मावशी, गव्हर्नरच्या मतपत्रिकेवर एक खूण करून थांबायचं नाही. पहिली पसंती, दुसरी, तिसरी, सगळे रकाने भरायचे. आपला मोझेस पहिला, ठीक आहे. पण तो बाद झाला की तुझं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं, फुकट जात नाही.

मावशी म्हणते, "मोझेसला पहिला म्हणायचं आणि त्याच्याच समोर दुसऱ्याला डोळा मारायचा? ही कसली रीत! माझा नवरा सीलच्या शिकारीला गेला की मी दुसरा बघून ठेवत होते का गं?"

बाया हसून हसून लाल. मी घामाने आधीच लाल झाले होते.

हसायला काय जातंय! मोझेस नदीवरचा, आपला माणूस, पण तो काही निवडून येत नाही. खरी झुंज ब्रँडवोल्ड आणि डॉसनबाईंची. ब्रँडवोल्ड म्हणतो, पंचवीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद करणार. आज नियम दहाचा आहे. आमच्या कुइग्लुकच्या शाळेत मुलं अकरा! त्यातली दोन माझी नातवंडं, टिमथी आणि आग्नेस. शाळा गेली की मारीना त्यांना घेऊन अँकरेजला, शहरात जाणार. एकुलती एक मुलगी माझी. मग या घरात उरणार मी आणि फ्रीजरमधले मासे.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

सकाळचे सहा. मतपेटी, यादी, सहा काळी पेनं. सगळं दोनदा मोजलं. आता जाते.

बुधवार, ४ नोव्हेंबर

एकाहत्तर मतं! आजारी इव्हान सोडला तर झाडून सगळं गाव आलं.

मोझेस एकोणपन्नास, डॉसनबाई तेरा, ब्रँडवोल्ड नऊ. (नऊ! कोण आहेत हे नऊ? चार मला माहीत आहेत.)

मोजताना पहिला रकाना तेवढा उघडा ठेवला, बाकीचे पुठ्ठ्याने झाकले. हाताने मोजणाऱ्या गावाने पहिली पसंती फोनवर कळवायची, एवढंच आपलं काम. केंद्रप्रमुख बाईंनी आत डोकावलं असं उद्या कुणी म्हणायला नको. पण खोटं कशाला लिहू, पुठ्ठा उचलायला हात शिवशिवत होता. लोकांनी दुसरा रकाना भरला का? माझ्या बडबडीचा काही उपयोग झाला का?

मतपत्रिकांची थैली सील करून आज दुपारी धावपट्टीवर याकोच्या ताब्यात दिली. याको माझा चुलतभाऊ, विमानात सामान चढवणं-उतरवणं त्याच्याकडे. थैली राजधानीला, जुनोला पोचली की तिथे अठरा तारखेला दुसऱ्या पसंतीची मोजणी. तोवर पोचली नाही तर आमची फक्त फोनवर सांगितलेली पहिली पसंती धरणार. म्हणजे मोझेस बाद आणि त्याच्याबरोबर आमची एकोणपन्नास मतं पाण्यात! पण थैली गेली, बरं झालं. याकोच्या सासऱ्यांना जाऊन चाळीस दिवस होताहेत, त्या चाळिसाव्याच्या जेवणाला खालच्या गावी बेरी घालून चरबीत फेटलेला गोड अकुताक पाठवायचा होता, तो डबाही त्याच विमानात दिला.

पेनं पाचच परत आली. लोक काय काय उचलतील!

शनिवार, ७ नोव्हेंबर

धुकं. काल नाही, आज नाही, विमानच नाही. असू दे, आपलं काम झालंय.

सोमवार, ९ नोव्हेंबर

जुनोच्या निवडणूक कचेरीतून फोन. एक मुलगी, फार गोड आवाज. "कुइग्लुकची थैली अजून आली नाही. तुम्ही पाठवलीत ना?"

पाठवलीत ना! जेवण गेलं नाही.

मंगळवार, १० नोव्हेंबर

सापडली. याकोच्या शेडमध्ये, माशांच्या रिकाम्या खोक्यांखाली!! सील शाबूत आहे, देवाची कृपा.

मी काय काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. याको टोपी हातात घेऊन उभा. "नास्त्या, विमान फुल होतं गं. पायलट म्हणाला, चाळीस पौंड उतरव. आता सासऱ्यांच्या चाळिसाव्याचं मूस हरणाचं मांस उतरवू? मेलेल्या माणसाला थांबा म्हणू? कागदाला काय, भूक लागत नाही."

"मग मला सांगायचंस तरी!"

"तू ओरडली असतीस."

"आणि आता काय करतेय?"

"म्हणजे बघ, मी बरोबरच होतो. पुढच्या विमानाने पाठवणार होतो. पुढचं विमान आलंच नाही."

माणूस चुकीचा म्हणावा तर तसाही नाही. या गावात चाळिसाव्याच्या जेवणाआधी कागद चढवणारा एक माणूस मला दाखवा. आणि घरी येऊन आठवलं ते सगळ्यात वाईट. त्या सामानात माझा अकुताकचा डबा होता. आठ पौंडांचा! थैली भरली होती नऊ पौंड. आता कुणाला ओरडू?

गुरुवार, १२ नोव्हेंबर

धुकं. थैली माझ्या पलंगाखाली.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

रेडिओवर सांगितलं, निम्म्याच्या वर कुणीच नाही. मोझेस तिसरा. आता सगळं त्याच्या लोकांच्या दुसऱ्या पसंतीवर, आणि फरक इतका थोडा राहील की सांगता येत नाही म्हणे. बातमी देणारा केवढा खूश! त्याचं काय जातंय.

नदीकडे जाऊन आले. कडेला बर्फ धरलाय, मध्ये काळं पाणी वाहतंय. होडी चालणार नाही, बर्फगाडी बुडेल. याको म्हणाला, "मी जातो काठाकाठाने, थैली पाठीला बांधून." मी म्हटलं, गप घरी बस. मग तुझ्या चाळिसाव्याला अकुताक कोण करणार, मीच ना?

शनिवार, १४ नोव्हेंबर

विमान आलं! धुक्यावर घरघर ऐकली, थैली छातीशी धरून धावपट्टीपर्यंत पळाले. तीन घिरट्या घातल्या त्याने. दिसलं नाही काही. गेलं परत.

धावपट्टीवर उभी राहून रडले. याको बघत होता तरी रडले.

रविवार, १५ नोव्हेंबर

देवळात सगळे आपापल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत होते, मी वाऱ्यासाठी केली. देव मला काय म्हणत असेल!

मारीनाने सूप पुढे ठेवलं. "आई, चार घास खा. हरलो तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं, हेच ना तू गावाला शिकवत होतीस?"

मी म्हटलं, "आपण हरणार नाही." ती मुलांचे उन्हाळी कपडे घडी घालून खोक्यात भरत बसली. नीटनेटकी पोर आहे, माझ्यासारखी नाही.

सोमवार, १६ नोव्हेंबर, बेथेल

वारा! पहाटे खिडकी खडखडली आणि उठूनच बसले. अकराला विमान उतरलं.

थैली आता कुणाच्या हाती द्यायची नाही, स्वतः जायचं असं ठरवलं होतं. याको वजनकाट्याजवळ उभा, मागे रांग. "वजन बोल, नास्त्या." मी दहा पौंड कमी सांगितलं. सगळ्या रांगेला खोकला आला. याकोने स्वतःच्या घरची दोन खोकी उतरवली आणि मला हात देऊन वर चढवलं. म्हणाला, "आता माझ्या बायकोला तू समजावायचं."

पूर्ण वेळ थैली मांडीवर. बेथेलच्या मोठ्या टपाल कचेरीत दिली, पावती घेतली, पावती ब्लाऊजमध्ये ठेवली.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दुपारी घरी पोचले. संध्याकाळी त्या गोड आवाजाच्या मुलीचा फोन. "मिळाली." एवढाच शब्द. तिला म्हटलं, बाळा, तुझं भलं होवो.

बुधवार, १८ नोव्हेंबर

शाळेत मास्तरांनी मोठा पडदा लावला. सगळं गाव मुलांच्या छोट्या बाकांवर, गुडघे हनुवटीला. आधी मोझेसचं नाव पुसलं गेलं. मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली, जणू तो मेलाच. मग त्याची मतं सरकायला लागली, इकडे, तिकडे. टिमथीचा हात धरला होता, तो म्हणाला, "आजी, दुखतंय."

डॉसनबाई तेवीस मतांनी! सगळ्या राज्यात तेवीस!!

मास्तरांनी आमच्या गावचे आकडे शोधून काढले. मोझेसच्या एकोणपन्नासमधली अडतीस दुसऱ्या पसंतीने डॉसनबाईंना, तीन ब्रँडवोल्डला, आठ कोरी. मी बोटांवर हिशेब केला — थैली शेडमध्येच राहिली असती तर बारा मतांनी गेलो होतो. याकोने तो हिशेब ऐकला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मावशीला विचारलं, त्या आठांत तू आहेस ना? "मी तिसराही रकाना भरला," म्हणाली. "न्हाणीत एवढं डोकं खाल्लंस, काय करते!"

मारीना गळ्यात पडून रडली. किती वेळ सोडेचना. मीही रडले. शाळा राहिली!

शुक्रवार, २० नोव्हेंबर

टेबलावर मारीनाची फाइल उघडी होती. अँकरेजच्या शाळांचे प्रवेशअर्ज, येत्या ऑगस्टपासूनच्या वर्षासाठी. दोन, टिमथीचा आणि आग्नेसचा. पहिली पसंती, दुसरी, तिसरी, एकही रकाना रिकामा नाही. मीच तर शिकवलं होतं. काळ्या पेनाने भरलेत, तारीख तीन नोव्हेंबर. सहावं पेन तिथेच होतं, फाइलीत.

म्हटलं, अगं, आपण जिंकलो ना!

"जिंकलो. पण दर निवडणुकीला असा पलंगाखाली थैली घेऊन जीव टांगणीला? मला नाही गं जमत."

अकरातून दोन गेले की नऊ. मी विचारलं, आणि शाळा?

"शाळेला दहा मुलं लागतात, आई. माझ्याकडे दोनच आहेत."