मामांच्या तोंडचं ‘नाही’

मोशी,
५ ऑक्टोबर २०२५

ती. किसनमामांना,

स्वरूपाचा वाकून नमस्कार. रंभामामींनाही सांगा.

हाताला गुण असतो म्हणजे नेमकं काय असतं, मामा? गेले काही दिवस मी स्वतःला हे विचारते आहे आणि मला उत्तर येत नाही. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, सापळ्यातलं एकेक हाड नावानिशी पाठ केलं. पण तुम्ही डोळे मिटून मनगटावर अंगठा फिरवता आणि निखळलेलं हाड जागेवर जातं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोन मामी उचलतात, स्पीकरवर टाकतात, आणि तुमच्या ओट्यावर पाय मुरगळून बसलेलं अर्धं गाव ऐकत राहतं. म्हणून पत्र. चष्मा लावून एकट्यानं वाचा.

इकडे बरं आहे. बाबांची फौंड्रीतली पाळी आता सकाळची झाली, त्यामुळे संध्याकाळी ते घरी असतात आणि टीव्हीशी भांडतात. मी शाळेत रमले आहे. परवा आठवीच्या मुलांना पाठीचा कणा शिकवला. बांगड्यांची चळत करून त्यातून दोरी ओवली आणि म्हटलं, बांगड्या म्हणजे मणके, दोरी म्हणजे मेंदूकडून येणारी मज्जारज्जू. एकानं वरची बांगडी जरा सरकवली. दोरी लगेच कचकन दाबली गेली. मुलं हसली. मला काही हसू आलं नाही.

आई सध्या रजेवर आहे. चाकणच्या कंपनीत गाडीच्या वायरींचे जुडगे बांधायचं तिचं काम तुम्हाला माहीत आहे. पूर्ण पाळीभर मान खाली. त्यात संधिवात. बोटं वाकडी झाली तेव्हा ती म्हणायची, ‘वाकडी झाली तरी वायर धरत्यात न्हवं, मग झालं तर.’ पण संधिवात बोटांवर थांबत नाही. तो मानेतही उतरतो, हे मला आत्ता कळलं. मणक्याच्या डॉक्टरीण बाईंनी फोटो काढले. कवटीच्या खालचे पहिले दोन मणके एकमेकांना धरून ठेवणारा जो बंध असतो, तो या आजारानं सैल झालाय. आईनं मान खाली घातली की वरचा मणका पुढे घसरतो. त्यांनी तिला गळ्याला कडक पट्टा दिला आहे. ऑपरेशन सुचवलं आहे. आई ‘नको’ म्हणते.

म्हणते, ‘भाऊबीजेला किसन येतोय. त्यो ओढंल, मोकळी हुईल. राखीला न्हाई का झाली?’

राखीला तुम्ही तिला पाटावर बसवून तेल लावलंत, हनुवटीला हात घातलात आणि ‘आक्का, तुझा नवरा बघ कोणाकडं बघतोय’ म्हणालात. ती वळून बघेपर्यंत मान ओढून झाली होती. कट्‌ असा आवाज आला आणि आपण सगळे हसलो. मीसुद्धा. लहानपणी माझा खांदा निखळला तेव्हाही तुम्ही असंच फसवलं होतंत. मामीनं पिठलं जाळलं म्हणालात, मी हसले, आणि खांदा बसला. आई त्या दिवशी म्हणाली, डोक्यावरचं ओझं उतरलं. नंतरचं नंतर लिहीन.

मामा, माझी एकच विनंती आहे. भाऊबीजेला या. ओवाळून घ्या, जेवा, राहा. पण तिच्या मानेला हात लावू नका. ती हट्ट करेल, रडेल. तरी लावू नका. हे तुमच्या हातावर अविश्वास दाखवण्यासाठी लिहीत नाही. तुमचा हात हाड बसवतो. इथे हाड बसलेलंच नाही आणि बसणारही नाही, कारण त्याला धरणारा बंधच उरलेला नाही. मी फोटो पाहिलेत. नीट समजावून सांगितलं की माणूस ऐकतो, असं मी मुलांना शिकवते, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
स्वरूपा

—

पिंपरी,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

नमस्कार. हे पत्र नवनाथभाऊंच्या हाती देते आहे. त्यांची ट्रॅव्हल्स आज संध्याकाळी भोसरीहून सुटते, उजाडता भूमला पोचते. ते तुमच्या ओट्यावर आणून देतील. गाडीत बसायच्या आधी हे वाचा.

तुमचा फोन आला होता त्या दिवशी मी नीट बोलले नाही. तुमचे शब्द मला तसेच्या तसे आठवतात. ‘पोरी, तू शिकलीस, चांगलं झालं. पर दारात आलेल्याला न्हाई म्हनायचं न्हाई, ह्यो माझ्या बापानं हातात दिलेला शब्द हाय. ज्या दिशी न्हाई म्हनलो, त्या दिशी हाताचा गुण गेला. आन ही तर माझी सख्खी बहीण.’

मी म्हटलं, मामा, तिचा जीव जाईल. तुम्ही म्हणालात, ‘हितं बैल मेले, मानसं न्हाई मेली माझ्या हातानं,’ आणि हसलात. मागे मामीही हसल्या. स्पीकर चालू होता.

आता राखीनंतरचं लिहिते. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, लिहिलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

थोडे दिवस आई बरी होती. मग एक दिवस तुळशीला पाणी घालायला खाली वाकली आणि जागच्या जागी थिजली. म्हणाली, पाठीतून वीज गेली, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. मग कंपनीच्या बसमध्ये. मोशीपासून चाकणपर्यंतचा रस्ता तुम्ही पाहिलाय. प्रत्येक गतिरोधकावर तिच्या हातातून वीज जायची आणि शेजारची बाई विचारायची, ‘आक्का, काय झोपेत दचकताय का?’ मग हातातून वायरी पडायला लागल्या. ब्लाउजचे हूक लागेनात, म्हणून ती मला म्हणायची, ‘तुझ्याच हातानं लाव, मला लाड करून घेऊ दे.’ मी लाड समजत होते. एकदा चप्पल पायातून निसटली आणि ती तशीच दारापर्यंत चालत गेली. चप्पल मागे राहिली आहे, हे तिला कळलंच नाही.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, ‘कोणी मान ओढली होती का? चोळली, मोडली?’

आई लगेच म्हणाली, ‘न्हाई. कोनी न्हाई.’ आणि माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मी गप्प बसले. बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन डॉक्टरीण बाईंना खरं सांगितलं. विचारलं, त्या ओढण्यामुळे झालं का हे? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. बंध आजारानं आधीच झिजला होता, कदाचित हे होणारच होतं. मामा, हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, त्यांनी खरंच असं सांगितलं. पण पुढे त्या म्हणाल्या, ‘मागचं जाऊ दे. पुन्हा कोणी ओढली, तर हातपाय तर जातीलच, श्वाससुद्धा तिथेच थांबेल. त्या माणसाच्या हातातच.’

त्या माणसाच्या हातातच. तेव्हापासून मला तुमचेच हात दिसतात. तेल लावलेले. आईच्या हनुवटीखाली.

मी आईला समजावलं. फोटो दाखवले, बांगड्या आणि दोरी दाखवली, रडले, अबोला धरला. ती म्हणायची, ‘त्या बाईला पैलं मशीन दिसतंय, मग मानूस. माझा भाव मानूस बघतो.’ बाबा म्हणाले, ‘तुमच्या घरात हाडाचं राजकारण, मला मतच न्हाई.’

आणि मग सोमवारी मी शाळेतून लवकर आले. आई गॅलरीत होती. गळ्याचा पट्टा कपडे वाळत घालायच्या दोरीवर लटकत होता. ती फोनवर तुमच्याशी बोलत होती. ‘तू धनत्रयोदशीलाच ये. पोरगी शाळेत गेली की ओढ. ती यायच्या आत पट्टा परत घालते, तिला कळायचं न्हाई.’ आणि स्पीकरवरून तुमचा आवाज आला, ‘येतो आक्का. तेल घेऊन येतो.’

मी जिन्यात उभी होते. खाली जाऊन परत वर आले, चपलांचा आवाज करत. आई हसून म्हणाली, ‘आलीस? चहा टाक.’ पट्टा गळ्यात होता.

मामा, मी मुलांना सांगते की खोट्यानं कुणाचं भलं होत नाही. घरातली पहिली शिकलेली म्हणून आई मला शेजारणींकडे मिरवते. ‘माझी पोरगी खोटं बोलत न्हाई, ल्येक पुस्तक हाय.’ म्हणून तर तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

मंगळवारी सकाळी, तुमच्याशी बोलून आल्यासारखा फोन हातात धरून मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘आई, मामांचा फोन होता. फोटो मी त्यांना पाठवले होते. त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, ह्या मानेला मी हात लावणार न्हाई. आक्काला सांग, माझ्याकडून हे होणार न्हाई.’

तिनं गळ्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

‘किसन न्हाई म्हणाला?’

‘हो.’

‘किसन?’

मी मान हलवली. ती आपल्या वाकड्या बोटांकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, ‘आत्तापतुर कुनाला न्हाई म्हणाला न्हाई त्यो. मग लई वंगाळ असंल गं.’

जे फोटोंनी झालं नाही, डॉक्टरांनी झालं नाही, माझ्या सगळ्या शिक्षणानं झालं नाही, ते तुमच्या एका ‘नाही’नं झालं. जे तुम्ही म्हणालाच नाहीत. थोड्या वेळानं ती उठली आणि म्हणाली, ‘पिशवी भर. चल दवाखान्यात.’ दारात थांबून एवढंच विचारलं, ‘त्याचा हात आता बरा राहील का गं?’

त्या दिवशी तपासण्या झाल्या, काल तिला दाखल केलं. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तिला आत नेलेलं असेल. ते दोन मणके स्क्रूनं जोडणार आहेत. धोका आहे, तो त्यांनी लपवला नाही. जिथे काम करायचं आहे, तिथूनच श्वासाची दोरी जाते. बाहेर येईल तेव्हा तिला मान फारशी वळवता येणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर ती पूर्ण अंगानं वळेल. वळेलच, असं मी धरून चालले आहे.

तिचा फोन मंगळवारपासून माझ्या पर्समध्ये आहे. काल तुमचे फोन आले, ते मी उचलले नाहीत.

धनत्रयोदशीला येऊ नका. भाऊबीजेला या, दवाखान्यातच ओवाळेल, तबक मी धरीन. ती तुम्हाला विचारणार आहे. डोळ्यांत बघून विचारेल, ‘तू न्हाई म्हणालास?’ त्या वेळी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. खरं सांगितलंत तर ती माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही, आणि तेही मला मान्य आहे. पण तुमचा तो शब्द मी मोडून टाकलाय, मामा. तुम्हाला न विचारता, तुमच्याच आवाजात. आता तो परत जोडता येणार नाही.

तुमच्या तोंडून ‘नाही’ म्हणालेली,
स्वरूपा