कूलर काढल्यावरची खिडकी

बाबा,

आज दुपारी तुमचा कूलर खिडकीतून काढला. उद्या सकाळी त्या जागी एसी बसणार आहे. मधली ही एक संध्याकाळ खिडकी उघडी आहे आणि तुम्हाला न सांगता ती कायमची बंद करणं मला जमेना, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. मेलेल्या माणसाशी बोलणारी माणसं तुम्हाला आवडत नसत, मलाही आवडत नाहीत. आजचा अपवाद समजा.

हा कूलर कोणत्या उन्हाळ्यातला ते मला पक्कं आठवतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तोच उन्हाळा. चौकाचौकात अर्धा जिल्हा गेल्याच्या गप्पा चालल्या होत्या आणि तुम्ही भंडाऱ्याहून टेम्पोत कूलर घालून नदीच्या पुलावरून इकडे कारध्याला आणत होतात, स्वतः मागे उभे राहून, एका हाताने त्याला धरून. पश्चिमेच्या खोलीची खिडकी तुम्ही सुताराकडून मोठी करून घेतली. कूलरचं तोंड आत, पाठ बाहेर लोखंडी स्टँडवर. सगळी नोकरी तुम्ही वायरमन म्हणून खांबांवर काढलेली. पत्रा, पाणी आणि करंट एकत्र आले की काय होतं ते तुम्ही दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पाहिलेलं. त्यामुळे कूलर आला त्याच दिवशी त्याचा नियमही आला. पाणी बाहेरून, बादलीने टाकायचं. त्याआधी बाहेरच्या माणसाने बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा ठोकायचं. आतल्या माणसाने उठून बटण बंद करायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बंद केला." ते ऐकल्याशिवाय बादली उचलायची नाही. पाणी टाकून झालं की एकदा ठोकायचं, मग आतल्याने सुरू करायचा. सुट्टीत मी आलेली असते, आई जमिनीवर बसून तांदूळ निवडते आहे, तुमचे जावई लवंडले आहेत आणि पत्र्यावर टक टक होते. जावई आतून म्हणतात, "सासरेबुवा, बंद नाही केला तं काय होईल?" बाहेरून तुमचा संथ आवाज येतो, "काही नाही. संध्याकाळी मले खांद्यावर घेऊन नदीवर जा लागेल. जड आहो मी, सांगून ठेवतो." आई हसत नाही. ती आधीच बटणाशी पोचलेली असते.

आता पुढचं लिहायचं तर बपेऱ्याच्या मोहाच्या झाडापासून सुरुवात केली पाहिजे. तुमची तिकडे नेमणूक होती, मी शाळेत होते. गावात म्हणत की भर दुपारी त्या झाडाखालून गेलं तर कुणीतरी नावाने हाक मारतं. मी लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागले. तुम्हाला कळल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. ऐन उन्हात मला हाताला धरून तिथे नेलंत, माझा तळवा झाडाच्या सालीवर दाबून धरलात आणि विचारलंत, "लागते का हाताले?" मी हो म्हटलं. "हे झाड आहे. अजून कोणी लागते का हाताले?" नाही म्हटलं. "मंग काहून भेतेस? देवाधर्माच्या या भानगडी आपण दीक्षा घेतली तवाच नागपूरले सोडून आलो, त्या रस्त्यानं मांगं येऊ द्याच्या नाही." त्या उन्हात तुम्ही मला बराच वेळ उभं ठेवलंत. मी कॉलेजला नागपूरला निघाले तेव्हा इतर मुलींना त्यांच्या वडिलांनी पेनं दिली, घड्याळं दिली. तुम्ही मला तुमचा टेस्टर दिलात. कुठलीही वस्तू जिवंत आहे की मेलेली ते याने आधी पाहायचं, मग हात लावायचा, असं सांगून.

तुम्ही हिवाळ्यात गेलात, झोपेत, कूलर ताडपत्रीखाली झाकलेला असताना. तुमच्या जाण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढच्या उन्हाळ्यात लाखांदूरच्या माझ्या शाळेला सुट्टी लागल्यावर मी आईकडे राहायला आले. दुपारी पत्र्यावर दोनदा टक टक झालं. आई उठली, बटण बंद केलं, "बंद केला" म्हणाली आणि बटणाशी उभी राहिली. थोड्या वेळाने एकदा ठोकल्याचा आवाज आला. तिने कूलर सुरू केला आणि परत तांदळाशी येऊन बसली. मी विचारलं, कोण आहे बाहेर? ती म्हणाली, "पाणी टाकून राहिले." मी बाहेर जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. बादली हौदावर पालथी होती, कोरडी. मी आत येऊन तिला समजावलं की ऊन पश्चिमेला कललं की पत्रा तापतो, फुगतो आणि वाजतो. मुख्याध्यापिकेच्या आवाजात समजावलं असणार. ती म्हणाली, "बरं. पत्रा वाजते म्हणून बंद करतो मी. तुह्यं काय जाते त्यात?" माझं काही जात नव्हतं. मी तो विषय तिच्या वयावर ढकलला.

मग आईही गेली. आम्ही दोघं निवृत्त होऊन या घरात राहायला आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या ठोकण्याला उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. बाबा, मी सगळं करून पाहिलं. पेरूची फांदी पत्र्याला लागत होती, ती तोडली. स्टँडखाली विटांचे तुकडे सारून तो पक्का बसवला. टेस्टर लावला, दिवा लागला नाही, पत्रा मेलेलाच होता. एका गोष्टीचं कारण मात्र मला सापडलं नाही. सकाळी टाकी भरली की दिवसभर कूलर चालूनही संध्याकाळी पाण्यात हात घातला तर ते सकाळच्याच रेघेवर असायचं. मे महिन्यात. मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण मला स्वतःला असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं. हळूहळू, ठोकलं की मी कूलर बंद करू लागले. मी स्वयंपाकघरात असले तर तुमचे जावई करत. "बंद केला," ते म्हणत, थट्टा न करता. आम्ही एकमेकांशी यावर एक शब्द बोललो नाही. जेवताना डाळीत मीठ कमी आहे हे बोलायचो, हे नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्या जावयांना लू लागली. अंगणातून घरात येईपर्यंत ते कोसळले. वाचले, पण पायातली ताकद गेली आणि छाती कायमची भरलेली राहू लागली. डॉक्टरांनी यंदा होळीनंतर स्पष्टच सांगितलं की यांना दुसरा असा झटका झेपणार नाही. खोली गार हवी आणि कोरडीही हवी. कूलरची ओल आता चालणार नाही. एसी घ्या, आणि ऊन वाढायच्या आत घ्या. म्हणून मी पूल ओलांडून भंडाऱ्याला दुकानात गेले. स्प्लिट नको म्हणून दुकानदारानेच सांगितलं, बाहेरची भिंत मातीत बांधलेली, ती वजन धरणार नाही. राहिले दोन. खिडकीतला, नाहीतर चाकांवरचा, ज्याला ते पोर्टेबल म्हणतात. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पोर्टेबलच घे. तोडफोड नाही, खिडकी राहील, आजोबांचा कूलरही राहील." दुकानदार म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, पोर्टेबल म्हणजे भाडेकरूची चीज आहे. मशीन खोलीतच, तिचा आवाज खोलीतच, गरम हवा पाइपनं बाहेर फेकते आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटीतून पुन्हा आत खेचते. तुमची खोली पश्चिमेची. तुम्हाले विंडोच पाहिजे. कूलर काढा, त्याच चौकटीत बसवून देतो, अर्थिंग नवीन टाका." तो बरोबर बोलत होता आणि ते मला तिथेच कळलं होतं. तरी मी म्हटलं, आधी पोर्टेबल चार दिवस लावून पाहते. "काहून?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "माझं घर आहे." त्याने दुकानातला दाखवायचा एक पाठवून दिला.

कपाटाएवढं ते यंत्र पलंगाच्या पायथ्याशी उभं राहिलं. त्याचा जाड पाइप दारावरच्या झरोक्यातून बाहेर काढला, उरलेल्या जागेत जुनी चादर कोंबली. कूलर खिडकीत होता तसाच ठेवला, पण त्याची पिन काढली आणि टाकी रिकामी केली. म्हणजे आता कुणी ठोकायचं कारणच उरलं नाही, असा माझा हिशेब. यंत्राची घरघर एवढी की स्वयंपाकघरात मला कढईचाही आवाज येईना. दुसऱ्या दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि पलीकडे काहीतरी जड पडलं. धावत गेले. तुमचे जावई बोर्डाखाली जमिनीवर पडले होते, एक हात वर, बोटं बटणाकडे. कपाळ फुटलं होतं. मी ओरडले, कशाला उठलात एकटे? ते म्हणाले, "ते ठोकून राहिले होते ना. तू आली नाही." मी म्हटलं, अहो, कूलर बंदच आहे, पिन काढलेली आहे, पाहा. "माहीत आहे मले. मी पलंगावरून सांगतलं त्यायले, बंद आहे म्हणून. या मशीनच्या आवाजात त्यायले ऐकूच जाईना. थांबतच नव्हते. तसंच पाणी टाकलं असतं तं शॉक लागला असता त्यायले." मी ते यंत्र बंद केलं. खोली एकदम शांत झाली आणि मग मीही ऐकलं. दोन टक, थांबून दोन टक, पुन्हा दोन. तुम्ही कधी घाई केली नाहीत, पण ती घाई होती. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी मोठ्याने म्हटलं, "बंद केला." थांबलं.

त्यांचं खुब्याचं हाड चिरलं आहे. ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहेत, मुलगी येऊन त्यांच्याजवळ बसली आहे, परवा घरी सोडतील. पडल्याच्या दिवशी संध्याकाळीच मी दुकानदाराला फोन करून विंडो एसी सांगितला. विचार करायला फार वेळ लागला नाही. खिडकीत कूलर असेल तोवर तुम्ही ठोकणार, आणि तुम्ही ठोकाल तोवर हा माणूस उठणार. पुढच्या वेळी पडला तर तो परत उभा राहणार नाही, किंवा तिथेच संपेल. दोघांपैकी एकाला ठेवायचं होतं आणि त्यांचा श्वास चालू आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर एवढाही वेळ घेतला नसता.

कूलर नदीकाठच्या शेजारणीने मागितला होता. तिचा नवरा नदीत मासे धरतो, घरावर पत्रे आहेत, अंगाला पुरळ आलेली नात आहे. तिने सकाळी येऊन सांगितलं, "काकू, चालवून दाखवजा बरं. नाहीतं माहा मालक म्हणल, पेटी आणली कोंबड्या ठेवाले." म्हणून दुपारी ती यायच्या आधी मी पिन लावली, कूलर सुरू केला आणि टाकीत पाणी टाकायला बादली घेऊन मागच्या बाजूला गेले. आजवर मी बाहेरून कधी दुपारी पाणी टाकलं नव्हतं. सकाळी, कूलर बंद असतानाच टाकायचे. घरात कुणी नव्हतं. पुढचं दार मी स्वतः आतून लावून मागच्या दाराने निघाले होते. आपण चालू कूलरजवळ भरली बादली घेऊन उभे आहोत हे लक्षात आलं आणि बंद करायला परत जाण्याआधी, नुसत्या इतक्या वर्षांच्या ऐकण्यामुळे, माझा हात उठला आणि मी पत्र्यावर दोनदा ठोकलं.

पंखा थांबला. मोटरची घरघर आधी उतरली, मग पाती हळूहळू थांबली, बटण बंद केल्यावर थांबतात तशी. लाइट गेली असेल म्हणून मी कान दिला. पलीकडची पिठाची गिरणी चालू होती. कूलरच्या गवती ताट्यांतून थेंब पडत होते. आतून कुणी बोललं नाही, किंवा मला ऐकू आलं नाही. मी पाणी टाकलं. सावकाश, सांडू न देता. मग एकदा ठोकलं आणि पंखा सुरू झाला. ताट्यांच्या फटीला डोळा लावला तर अर्धी खोली आणि बोर्ड दोन्ही दिसतात. तिथे कुणी आहे की नाही, आणि असेल तर बाहेरून आत गेलेले तुम्ही आहात की आई आहे, ते एका क्षणात कळलं असतं. बपेऱ्याच्या झाडाला हात लावायला शिकवलेल्या मुलीने पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. बादली पालथी घातली आणि शेजारणीची वाट पाहत ओसरीवर बसले.

हे पत्र कुठेही जाणार नाही, मुलीच्याही हाती पडू देणार नाही. कुणाला काय सोपवलं एवढं मात्र लिहून ठेवते, कारण वस्तू दिली की तिची नोंद ठेवायची सवय तुमचीच. शेजारणीला आज कूलर दिला, स्टँडसह. मोटर आणि पंप चालू. ताट्या जुन्या, बदलून घ्यायला सांगितल्या. पिन नवीन. दोनदा ठोकायचं आणि आतून "बंद केला" असं ऐकल्याशिवाय बादली उचलायची नाही, हेही दिलं आणि तिच्याकडून तिथल्या तिथे म्हणवून घेतलं. घरात कुणी नसेल तेव्हा काय करायचं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तरीही ठोक.