नॉर्मल म्हणून दिलेलं सँपल

प्रिय ताई,

दोनदा तुझा फोन उचलला नाही, रागावू नकोस. पुढे काय करायचं ठरवलंस, हे तू विचारशील आणि माझा आवाज ऐकताच काहीतरी बिनसलंय हे ओळखशील, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बायोकेमिस्ट्री शिकली म्हणजे पोरगी औषधांचं दुकान टाकणार, असं मामा अजून धरून चाललाय. आई म्हणते, बी.एड. कर आणि शाळेत लाग, दुपारी घरी तरी येशील. आमच्या मॅडम पीएच.डी.साठी हात धुऊन मागे लागल्यात. माझी मैत्रीण कंपनीत दिवसभर शाम्पूचा फेस तपासते आणि मजेत आहे. मला मात्र आनुवंशिक आजार तपासणाऱ्या लॅबमध्येच जायचं होतं, म्हणून तिथे शिकाऊ म्हणून लागले. थेंब मोजून घ्यायची पिपेट धरलेला माझा हात बघून तिथले सर म्हणाले, हात अगदी स्थिर आहे. मी काय खुलले होते! आता तेच वाक्य आठवायलाही नको वाटतं.

बाबांचे हात आठवतात ना गं? अर्धा चहा बशीत सांडायचा आणि आपण दोघी हसायचो. बसमधून उतरून ते झोकांड्या खात घरी यायचे, तेव्हा शेजारचे म्हणायचे, आज पण घेतलेली दिसते. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस! आत्या सांगायची, आजोबांची चालही अशीच होती. डॉक्टर नसांचं दुखणं म्हणाले आणि बाबा जाईपर्यंत आपण कुणी त्याचं नाव विचारलं नाही.

लॅबमध्ये एका बाईंचं सँपल आलं. तुलना करायला सोबत निरोगी माणसाचंही लावावं लागतं. ठेवणीतलं संपलं होतं. कॉलेजात अशा वेळी आम्ही बेधडक आपलंच द्यायचो, त्याच सवयीने इथेही दिलं. गालाच्या आतून कापूस फिरवला आणि ट्यूबवर लिहिलं, नॉर्मल. कोणता आजार, त्यात माणसाचं काय होतं, हे वाचायची तसदीसुद्धा घेतली नाही. निकालात बाईंच्या रेषा होत्या जागेवर. नॉर्मलची एक रेष खूप वर गेली होती, आजाऱ्याची जाते तशी. सर हसले, ट्यूबांची अदलाबदल केलीस, नवशिके करतातच, म्हणाले. त्यांनी स्वतःचं सँपल देऊन पुन्हा करायला लावलं. बाई ठणठणीत, सरही ठणठणीत. आधीची वर गेलेली रेष माझीच काहीतरी गडबड समजून सरांनी सोडून दिली, सगळे खूश झाले. मग ते जेवायला गेल्यावर मी माझं परत लावलं. रेष तिथेच होती. त्यानंतर त्या आजाराचं वर्णन वाचलं. हात, चाल, सगळं. बाबाच होते ते.

ताई, मी फार घाबरले आहे. सकाळी कप उचलताना हाताकडे बघत बसते. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. आईला काही बोलले नाही, तिने एकदा हे सगळं काढलंय. आणि यावर औषध नाही, हे कळण्याइतकं मी नेमकं शिकले आहे.

असे आजार असलेल्या घरांना समजावून सांगण्याचा एक कोर्स असतो, समुपदेशनाचा. मी त्याला अर्ज केलाय. त्यात पहिलं शिकवतात, की तपासणीआधी माणसाला विचारायचं, तुम्हाला हे खरंच जाणून घ्यायचंय का. मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. माझ्यात निघालं म्हणून तुझ्यात निघेलच असं नाही, दोन्ही शक्यता सारख्याच आहेत. पण गेल्या पत्रात तू लिहिलंस, की आता बाळाचा विचार करतोय, तेव्हापासून गप्प राहवेना. म्हणून तुला पहिल्यांदा मीच विचारते, तुला जाणून घ्यायचंय का? नाही म्हणालीस तरी चालेल, पुन्हा विषय काढणार नाही. फक्त उत्तर फोनवर नको. लहानपणी तू जाशील तिथे मी तुझ्यामागे यायचे, यावेळी तू माझ्याकडे ये.

तुझीच,
शेपूट