अमेरिका, चीन आणि मामांची दारं

कारेगाव,
धोंड्याचा महिना

प्रिय साडूभाऊ सत्यजीतराव यांस रोहिदासचा नमस्कार (थोरला जावई असून आधी मीच वाकतोय, याची तिकडे कुणीतरी दखल घ्यावी). दौंडात ऊन फार आहे असं कळलं, प्रकृतीला जपा. इकडे सगळे खुशाल, माझं पित्त सोडून. परवा सासुरवाडीहून, राहूहून, परतल्यापासून ते उसळलंय. डॉक्टर म्हणाले धोंडे जास्त झाले, ही म्हणते जळफळाट. हिचंच खरं आहे.

जेवणाला आपण दोघे जावई शेजारी बसलो तोवर माझं तुमच्याविषयी काही म्हणणं नव्हतं (तुमचं ताट जरा रुंद होतं, ते मी मनावर घेतलं नाही). मग तुम्ही तुमच्या आयात कंपनीतला तो रेघांचा तक्ता टीव्हीवर लावलात आणि आपल्या सासऱ्यांनी, सोपानमामांनी, त्यासाठी चालू मॅच बंद केली. मी बोलायला लागलो की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. वीस-बावीस वर्षांत अमेरिकेनं बाहेरून पाइनचं लाकूड किती घेतलं, चीननं किती, असं तुम्ही सांगत होतात. अमेरिकेची रेघ आधी वर, तिथली घरबांधणी बसल्यावर धाडकन खाली, मग रखडत चढलेली. चीनची तळातून निघाली ती चढतच गेली. मला त्यात लाकूड दिसेचना. लग्नानंतर वर्षभर सासुरवाडीत माझी रेघ तशीच उंच होती. शितलशी तुमचं लग्न झालं आणि तुमची सुरू झाली.

तेही एक वेळ सोसलं असतं. पण मी कारेगावात कंपन्यांची खोकी करतो ती याच परदेशी पाइनची. नव्या घराची दारं मला करू द्या म्हणून दोन वर्षं मामांच्या मागे आहे. दर वेळी एकच उत्तर, "पाव्हणं, खोक्याचं लाकूड हाय ते. त्यात टमाटी भरावीत." आणि परवा तक्ता बघून काय म्हणाले? "एवढाली दोन राष्ट्रं याच्या मागं लागल्यात, म्हंजी लाकूड भारीच असनार. सत्यजीतराव, दारं याचीच. कुठनं आनायचं ते तुम्ही बघा."

मला राहवलं नाही. टेम्पोतलं, मी स्वतः केलेलं पाइनचं स्टूल आणून मामांना बसायला दिलं. उन्हात तापून त्याच्या गाठींतून चीक सुटला होता, तेवढं बघायचं राहिलं. मामा उठले, स्टूलही उठलं. तुम्ही धावलात, पांढरा लेंगा न फाडता त्यांना सोडवलंत आणि वर सांगितलंत की चीक सुटणं ही अस्सल मालाची खूण. मामांनी मान डोलावली. म्हणजे स्टूल माझं आणि कौतुक तुमचं.

एक सांगून ठेवतो. शेवटी शेवटी चीनची रेघही उतरत होती. तेवढा भाग तुम्ही भरभर सरकवलात, पण मी पाहिला. शितलला आशीर्वाद.

आपला (नाइलाजाने),
रोहिदास

ता. क. : दारांचं लाकूड माझ्याकडूनच घ्या. दारं मीच करीन आणि तुमच्याकडे दौंडला पाठवीन, तिथून तुमच्या गाडीनं राहूला न्या. माझं नाव मात्र काढू नका. नाव कळलं की ते परत खोक्याचं होईल.

आणखी एक : बसवायला माझा सुतार येईल, मामा त्याला ओळखत नाहीत. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. मामा दारावरून हात फिरवायला लागले की मला फोन लावा आणि खिशात ठेवा. माझ्याशी बोलू नका. ते काय म्हणतात तेवढं मला ऐकायचंय.