ऋतुजाच्या पेशींचं रुजवण

तीर्थरूप दादांस, हेमांगीचा बंगळूरहून वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमची नात ऋतुजा खुशाल आहे, भात पोटभर खाते.

दादा, ऋतुजाच्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी चुकून तिच्याच मूत्रपिंडांवर तुटून पडतात. त्यांना आवरणाऱ्या पेशी तिच्यात कमी आहेत. त्याच थोड्या काढून इथल्या प्रयोगशाळेत वाढवतात. मागच्या खेपेला वाढल्या नाहीत, ते तुम्हाला कळवलं नव्हतं.

या खेपेला मी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या करिश्माला रोज विचारायची, "किती झाल्या गो?" पोरगी आपल्या कोलाडची. म्हणाली, "काकू, नवरात्रात घटातलं रुजवण रोज उकरून बघता काय?" दुसऱ्या दिवसापासून मी विचारणं सोडलं.

काल तीच धावत आली, "पुरेशा झाल्या, काकू!" सोमवारी शिरेतून सोडतील. गुण येतो का, ते तीन महिन्यांनी कळेल. उपचार नवा, डॉक्टर खात्री देत नाहीत. गणपतीवर सोपवलंय, मन शांत आहे.

धोंडुबाई जेवण वेळेवर देते ना? गोळ्या चुकवू नका. शेजारच्या रवीला रोज फोन करून विचारायला लावता, ते मात्र आता थांबवा. रविवारचा एक चालेल.

तुमची लेक,
हेमांगी