पाटावरचे तीन काटे

॥ श्री ॥

भोर, ता. १८ सप्टेंबर १९३७

ती. स्व. ताईस रघूचा सा. न. वि. वि.

आई बरी, बाबा बरे, मी बरा. एवढ्यात क्षेमकुशल संपलं असं समज, कारण बातमी माझ्या पोटात राहत नाहीये. ताई, आपल्या उतारूंच्या मोटारीला मी तीन नवे काटे बसवले!

आधी डॅशबोर्डावर होतं काय? वेगाचा एक काटा, आणि तोही चढाला अन् उताराला एकच आकडा दाखवणारा. इंजिन आत काय भोगतंय ते कळायला वाफेची वाट बघायची. वैशाखात तुझ्या मामंजींना घेऊन येताना मार्गासनीच्या चढावर घोटाळा झाला तो त्यामुळेच. पाणी कधीपासून गळत होतं कुणास ठाऊक, आम्हाला कळलं ते त्यांचं उपरणं वाफेनं भिजल्यावर. रागानं नसरापूरपर्यंत चालत गेले बिचारे. तेव्हापासून ते आपल्या मोटारीला चूल म्हणतात, हेही माझ्या कानावर आलंय.

तर हे काटे मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, मोडीत निघालेल्या एका लॉरीचे. एक पाण्याची उष्णता सांगतो, तांबड्या रेघेला टेकला की पाणी उकळायला आलं समजायचं, दुसरा तेलाचा दाब, आणि तिसरा बॅटरीत वीज भरतेय की उतरतेय ते. पाण्याच्या काट्याला तांब्याची बारीक नळी असते. ती इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत न मुडपता आणायची. तुटली तर काटा मेला. ती आणताना मी श्वास घ्यायचासुद्धा विसरलो होतो.

आता बसवायचे कुठे? डॅशबोर्डाच्या पत्र्यावर जागा नाही. त्याखाली जोडायला फळी हवी, जुनी, वाळलेली, पावसापाण्यात न वाकणारी. अशी सागवानी फळी घरात एकच होती. ताई, रागावू नकोस. तुझ्या लग्नातला पाट घेतला. कोपऱ्यांतली पितळी फुलं तशीच आहेत, मधे फक्त तीन भोकं पडली. गोल आखायला आईची आमटीची वाटी वापरली. आईला अजून पाटाचं ठाऊक नाही. नुसतं वाटीचं कळलंय, तरी तिनं अबोला धरलाय.

बाळंतपणाला तू याच मोटारीतून येणार. मामंजींना सांग, चूल गेली, मोटार आली.

कळावे. तुझा लोभ आहेच, तो पाटाच्या बातमीनंतरही टिकावा ही विनंती.

तुझा धाकटा,
रघुवीर

॥ श्री ॥

वेल्हे, ता. २५ सप्टेंबर १९३७

चि. रघूस अनेक आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद लिहिले ते रीत म्हणून. हाताशी असतास तर पाठीत धपाटा बसला असता. अरे, लग्नातल्या पाटाला कुणी भोकं पाडतं का? त्या पाटावर उभं राहून मी अंतरपाटाआडून ह्यांना पहिल्यांदा पाहिलं. तुला फळी मिळेना तर पोळपाट घ्यायचास. नको, लिहिलं ते खोडते. तू तोही घेशील.

आता खरं ते ऐक. मामंजी मोटारीचं नावही काढू देत नाहीत. सुनेला चुलीवर बसवून पाठवणार नाही म्हणतात. त्यांनी बैलगाडी तयार ठेवलीय, पण इथल्या सुईणीनं, साळूबाईनं, गाडीचं ऐकताच हात जोडले. म्हणाली, सातव्यात असलं हादरं लेकराला सोसायचं न्हाईत, हितंच ऱ्हावा. म्हणजे बैलगाडी सुईण नको म्हणते, मोटार मामंजी नको म्हणतात, आणि मी मधे. सासूबाई नाहीत. हे नोकरीवर मुंबईला. घरात बाईमाणूस म्हणशील तर मी एकटी. रघू, मी थट्टा करते खरी, पण मला भीती वाटते रे. पहिली खेप आहे, मला आई जवळ हवी.

म्हणून काल धीर करून तुझ्या काट्यांचं मामंजींना सांगितलं. पाटाचं नाही सांगितलं, तेवढी अक्कल मला आहे. ते सुपारी कातरत होते. वाफ दिसायच्या आधी काटा सांगतो, हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, दसऱ्याला सीमोल्लंघनाचा मुहूर्त आहे, त्या दिवशी ये म्हणावं रघुवीरला. आपण स्वतः पुढे बसणार आणि काट्यावर नजर ठेवणार. काटा तांबड्या रेघेला टेकला की मोटार तिथूनच वेल्ह्याकडे फिरवायची. पुढे आठवा लागतो, त्यात बाईनं प्रवास करू नये, म्हणजे मग बाळंतपण इथंच. त्यांचा शब्द तुला ठाऊक आहे, दगडावरची रेघ.

तेव्हा बाबा, काय ते नीट बघ. माझं माहेर तुझ्या त्या काट्यावर आलंय.

कळावे. माझा लोभ अजून तांबड्या रेघेच्या खाली आहे, तिथंच राहू दे.

तुझी ताई,
सौ. सरोज

॥ श्री ॥

भोर, ता. ८ ऑक्टोबर १९३७

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून असा हुरूप चढला की जेवण तसंच टाकून मोटारीखाली शिरलो. रेडिएटरची गळती डाग देऊन बुजवून घेतली, रबरी नळ्या बदलल्या, पंख्याचा पट्टा नवा घातला. उतारू भरून कात्रजचा घाट चढून आलो. काटा निम्म्याच्या वर गेला नाही! घाटमाथ्यावर मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, आणि उतारू एकमेकांकडे बघत होते.

आता तेही बिघडलेत. रस्त्याकडे कुणी बघत नाही, सगळ्यांच्या माना काट्यांकडे. उत्रोलीच्या धोंडाबाई भाजीच्या पाट्या घेऊन माझ्यामागेच बसतात आणि दर वळणाला काटा जाग्यावर हाय का विचारतात. परवा म्हणाल्या, मानसालाबी असा काटा पायजे हुता. आमच्या मालकाचं डोसकं कवा तापतंय ते आदी कळलं असतं.

त्यांना मी समजावून सांगतो की मोटार वाऱ्यानं निवते. समोरच्या जाळीतून वारा आत गेला की पाणी थंड होतं. शिवऱ्यापर्यंत माझं हे व्याख्यान चालतं, फुकट.

आईला पाटाचं कळलं. पदरानं डोळे पुसले, मला नाही नाही ते बोलली, मग हळदकुंकू घेऊन आली आणि तिन्ही काचांच्या कडेला बोटं लावून गेली. तुझी खोली सारवून ठेवलीय. दिवसातून चारदा दार उघडून बघते. दसऱ्याला सकाळीच येतो.

कळावे. तोवर लोभ आणि धीर, दोन्ही ठेव.

रघू

॥ श्री ॥

भोर, ता. १६ ऑक्टोबर १९३७

रा. रा. शरच्चंद्रराव यांसी रघुवीरचा सा. न. वि. वि.

ताई सुखरूप भोरला पोचली. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना मुंबईत तुमचं रक्त आटणार नाही.

दसऱ्याला जाताना मोटार अशी धावली की काटा निम्म्यावर कुणी चिकटवलाय असं वाटावं. तुमच्या दारापुढे थांबलो तर अख्खं वेल्हे लोटलं. तुमच्या वडिलांनी परसातल्या झेंडूचा हार स्वतः ओवला होता, मनगटाएवढा जाड. तो त्यांनी वेढ्यावर वेढे देऊन मोटारीच्या तोंडावर बांधला. चूल म्हणणारा माणूस तिला हार घालतोय, मला आनंदानं काही सुचेना. मग तुमचा गडी सोनबा पुढे आला. दसऱ्याला समद्यांना सोनं द्यायचं, मग हिलाच का न्हाई म्हणाला, आणि आपट्याची पानं त्यानं रेडिएटरच्या जाळीत खोचली. त्याचं बघून सगळ्या गावानं खोचली. बायका, म्हातारे, कुणी मागं राहिलं नाही. मी हात जोडून सगळ्यांचे नमस्कार घेत उभा. मोटारीला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

विंझर मागं पडेपर्यंत ठीक होतं. तुमचे वडील माझ्याशेजारी, दोन्ही हात काठीवर, नजर काट्यावर. मार्गासनीचा तोच चढ सुरू झाला आणि काटा हलला. तेलाचा दाब नीट, पाणी निघताना काठोकाठ भरलेलं, तरी काटा चढतोच आहे. मी मनात सगळे देव आठवले. काटा तांबड्या रेघेला टेकला आणि ते शांतपणे म्हणाले, “मोटार फिरव.”

मोटार थांबवली. मागून ताईचा आवाज नाही, आणि ताई गप्प म्हणजे रडतेय हे मला लहानपणापासून ठाऊक. दिलेला शब्द मोडता येत नव्हता. मी चाक वळवणार, तोच ती खाली उतरली. डोळे पुसत मोटारीच्या पुढे जाऊन उभी राहिली. बघत राहिली. मग आजवर सासऱ्यांपुढे मान वर न केलेली तुमची बायको सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, “मामंजी, हिचं नाकतोंड आपणच बांधलंय. श्वास कुठून घेईल ती?”

मी कपाळावर हात मारून घेतला. भाजीवाल्यांना वाऱ्याची व्याख्यानं देणारा मी! तुमचे वडील भडकणार असं वाटलं. पण उतरले, हार स्वतःच्या हातानं सोडला आणि वाकून जाळीतली पानं एकेक करून काढायला लागले. मी पुढे झालो तर मला बाजूला सारलं. ओंजळभर पानं निघाली, ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. दसऱ्याला धाकट्यांनी थोरांना सोनं द्यायचं, इथं उलटंच झालं. मी रस्त्यावरच त्यांच्या पाया पडलो.

मग सगळे आंब्याखाली बसलो. काटा उतरला तशी त्यांनीच घाई केली, की चला, दिवस मावळायच्या आत सीमा ओलांडायची आहे. भोरला पोचलो तेव्हा आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ताईला बघून तिच्या हातातला तांब्या कलंडला.

कळावे. आमच्यावर आणि मोटारीवर लोभ असू द्यावा.

आपला,
रघुवीर

ता. क. रघूनं माझं रडणं उगाच वाढवून लिहिलंय. एक मात्र लिहायचं राहिलं त्याच्याकडून. चढ संपला, काटा जागेवर आला, तरी मामंजी भोरपर्यंत त्या फळीकडेच बघत होते. त्यांना एवढं काय दिसत होतं कोण जाणे. आपण जेवणाची हेळसांड करू नये. — सौ. सरोज

॥ श्री ॥

वेल्हे, ता. २८ डिसेंबर १९३७

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद वि. वि.

सूनबाईस कन्या झाली व दोघी सुखरूप आहेत, हे तुझे पत्र काल पोचले. सोनबाने गावभर साखर वाटली. मला कालपासून एका जागी बसवत नाही. या वयात असे होते, हे ठाऊक नव्हते.

तुझ्या काट्यांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी वेल्ह्याहून निघतानाच मी फळीच्या कोपऱ्यांतली पितळी फुले ओळखली. लग्नात मंगलाष्टके चालू असता मला भरून आले होते म्हणून मी मान वर केली नव्हती. तेव्हा सूनबाईची पावले आणि ती फुले एवढेच मला दिसत होते. त्या पाटाला तू भोके पाडलेली पाहून मस्तक फिरले. चढावर काटा वर गेला तेव्हा वाटले, हे त्याचेच फळ. म्हणूनच मोटार फिरव म्हणालो. पण दोषी निघाला तो माझाच हार.

पाने काढताना मनात एकच येत होते. ज्या पाटावरून ही पोर आमच्या घरी आली, तो पाट तिला आईकडे नेतो आहे, आणि मीच आडवा आलो. सूनबाईला हे वाचून दाखव. तोंडाने मला सांगता येणार नाही.

बारशास मोटार पाठव. पुढची बैठक माझी. हार आणणार नाही.

कळावे. माझा लोभ तुझ्या काट्यास दाखवता येणार नाही एवढा आहे.

आनंदराव

ता. क. नातीसाठी सागवानी पाट करवून घेतला आहे, चारी कोपऱ्यांत पितळी फुले आहेत. सोबत आणत आहे. तिचे लग्न होईपर्यंत त्यास भोके पाडू नयेत.